सगळं शेवटी माझ्यावरच का येतं?

आलेलं पत्र (बरंच छोटं केलंय आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत):

"ताई, माझं वय ३४, नोकरी करते, एकटी राहते. मागच्या महिन्यात माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीचा फोन आला, तिच्या वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. ती सांगत होती आणि मधेच मी माझ्या बाबांच्या ऑपरेशनचं सुरू केलं, आमचे डॉक्टर कसे होते, मला किती रात्री झोप नव्हती वगैरे. ती एकदम म्हणाली, 'तुझ्याशी काहीही बोललं ना तरी ते शेवटी तुझ्यावरच येतं' आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. वर्षभर माइंडफुलनेस करतेय, अॅपवर रोज वीस मिनिटं, स्ट्रीक एकदाही तुटू दिली नाही, वाटत होतं मी बदललेय. आता वाटतं मी मुळातच स्वार्थी आहे. बौद्ध लोक म्हणतात ना की 'मी' असा नसतोच, मग हा अहंकार कायमचा मारायचा कसा ते सांगा. मी ठरवलंय की यापुढे कुणाला नाही म्हणायचं नाही आणि स्वतःचं काही बोलायचं नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊ का? – मीच ती"

अगं मीच ती,

आधी एक विचारते, मैत्रिणीचे वडील आता कसे आहेत? कारण तुझ्या मूळ पत्रात, जे चांगलंच लांब होतं, ते कुठेच नाहीये. टोमणा मारत नाहीये हं, खरंच नाही. पण तिने सांगितलं की सगळं तुझ्यावर येतं, आणि मग पुढचा महिनाभर तिचं ते वाक्यसुद्धा तुझ्यावरच आलं. मी कशी, मी मुळातच अशी का, माझं वर्षभराचं मेडिटेशन वाया गेलं का, मी आता कसं वागायचं. गोष्ट बदलली, हिरोईन तीच राहिली, फक्त आता ती व्हिलन झालीये.

बौद्ध परंपरेत हे फार आधी ओळखलेलं आहे आणि त्याला मान म्हणतात. पाली सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या जुन्या प्रवचनांमध्ये, मानाचे तीन प्रकार येतात, मी दुसऱ्यापेक्षा वरचढ आहे हा एक, मी त्याच्या बरोबरीचा आहे हा दुसरा आणि मी त्याच्यापेक्षा कमी आहे हा तिसरा. तिन्ही मानच. पहिला कुणालाही लगेच दिसतो, शेजारच्या माणसात तर अगदी लांबून दिसतो. तिसऱ्याला मात्र आपण नम्रपणा समजतो आणि वर त्याबद्दल स्वतःचं थोडं कौतुकही करून घेतो. 'मी मुळातच स्वार्थी आहे' हे तुझं वाक्य या तिसऱ्या खात्यातलं आहे. त्यात मोजमाप सुरूच आहे ना, फक्त निकाल उलटा लागलाय. म्हणून स्वतःला झोडपून 'मी' सैल होत नाही, उलट दिवसभर तोच डोळ्यासमोर राहतो.

आणि ते कायमचं मारण्याचं म्हणशील तर जरा श्वास घे. माणसाला बांधून ठेवणारी दहा संयोजनं सांगितलीत, त्यात 'हे शरीर, हे मन म्हणजेच मी' ही ठाम समजूत मुक्तीच्या पहिल्या पायरीवरच, स्रोतापन्न झाल्यावर सुटते असं म्हणतात, पण मान शेवटच्या पाचांत आहे, तो थेट अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाल्यावर जातो. संयुत्त निकाय या सुत्तांच्या संग्रहात खेमक नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे, मला ती फार आवडते. हा कौशांबीजवळ आजारी पडलेला, आणि घोषिताराम विहारातले थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, त्याला निरोपावर निरोप पाठवून तत्त्वज्ञानाचे प्रश्न विचारतायत, शेवटी बिचारा काठी टेकत टेकत स्वतःच त्यांच्याकडे जातो. (आजारी माणसाला असं चालत यायला लावणाऱ्यांना काय म्हणावं ते वेगळंच.) तो म्हणतो, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या माणूस ज्यांचा बनतो त्या पाच गोष्टींतल्या कशालाच मी 'हा मी' म्हणत नाही, तरी 'मी आहे' हे माझं अजून गेलेलं नाही. फुलाचा वास पाकळीचा की देठाचा की केसराचा हे सांगता येत नाही, फुलाचा एवढंच म्हणता येतं, तसं ते 'मी आहे' रेंगाळतंय. हे इतकं पुढे गेलेला माणूस सगळ्यांसमोर सरळ सांगतो आणि त्यात त्याला लाज वाटत नाही. गंमत म्हणजे हे बोलता बोलताच तो आणि ऐकणारे थेर मुक्त झाले असं सुत्तात आहे. तुझ्या-माझ्यासारख्यांनी 'मी' उरलाय म्हणून इतकं घाबरायचं कारण नाही.

'मी नसतोच' याबद्दल पण थोडं. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना तोंडावर विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? तरी गप्प. म्हणजे हे विश्वास ठेवायचं वाक्य नव्हतंच. सारनाथला पाच भिक्खूंना त्यांनी जे शिकवलं ती प्रश्न विचारायची पद्धत आहे: हे नित्य आहे का, नाही. जे अनित्य ते सुखाचं का, नाही. मग त्याला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' म्हणणं बरोबर आहे का? हा प्रश्न आत्ता जे समोर आहे त्याला विचारायचा, आत्ताच्या रागाला, आत्ताच्या 'माझं ऐका ना' ला. 'मी नसतोच' असं नुसतं म्हणत राहणारे लोक मी पाहिलेत, भांडायला पहिल्या नंबरावर असतात.

आता त्या फोनवर येऊ, कारण खरं काम तिथे आहे. ती सांगतेय बाबांना अॅडमिट केलं, आणि तुझ्या आत काहीतरी होतं. तू म्हणशील मला माझे बाबा आठवले. हो, पण त्याच्या जरासं आधी बहुतेक छातीत काहीतरी आवळलं असेल, पोटात खड्डा पडला असेल, कारण जवळच्या माणसाचं दुःख ऐकणं सोपं नसतं. सतिपट्ठानं म्हणजे सजगतेने बघायच्या चार जागा, त्यातली दुसरी हीच, वेदना, म्हणजे प्रत्येक अनुभवाला चिकटून येणारी सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली चव. ती दुःखद चव नकोशी झाली आणि मन ओळखीच्या ठिकाणी पळालं, म्हणजे तुझ्या स्वतःच्या गोष्टीत, जी तुला पाठ आहे आणि जिचा शेवट तुला माहितीये. तिच्या गोष्टीचा शेवट माहिती नव्हता, भीती त्याची होती. तू स्वार्थी म्हणून विषय वळवलास असं मला नाही वाटत, मला वाटतं तुला ते ऐकवेना म्हणून वळवलास. तिच्यासाठी परिणाम तोच झाला, ते खरंच आहे, पण इलाज बदलतो. स्वार्थी माणसाला उपदेश करावा लागतो (आणि तो बहुतेक वाया जातो), ज्याला ऐकवत नाही त्याला ती बेचैनी थोडा वेळ सोसायची सवय लावावी लागते. ही सवय माइंडफुलनेसने लागते, पण तू जिथे करतेयस तिथे नाही, बोलता बोलता लागते.

तर यापुढे कुणाशी बोलताना 'मला पण ना', 'माझ्या वेळी तर' हे तोंडात आलं की तीच घंटा समज. थांबवायचं नाही त्याला, दाबायचं तर मुळीच नाही, नुसतं बघायचं की हे आलं, कुठे आलं, घशात की छातीत, आणि बोलायची किती घाई झालीये. एक श्वास जाऊ दे. मग एक असा प्रश्न विचार ज्याचं उत्तर तुला खरंच माहिती नाही. 'मग डॉक्टर काय म्हणाले?' 'रात्री कोण थांबतंय?' एवढंच. सुरुवातीला तुला हे वेळेवर कधीच आठवणार नाही, दहा मिनिटं स्वतःचं बोलून झाल्यावर आठवेल, तेही चालतं, तेव्हा फक्त 'बघ, मी माझंच सांगत बसले, तुझं अर्धवट राहिलं, सांग' म्हण आणि खरंच परत फिर. माफीचं भाषण नको, कारण भाषण सुरू झालं की परत तूच.

वर्षभर वीस मिनिटं बसूनही हे का झालं नाही, असं तुला वाटत असेल तर त्याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं. सतिपट्ठान सुत्तात प्रत्येक भागानंतर एक ओळ पुन्हा पुन्हा येते: आतून पाहतो, बाहेरून पाहतो, आतून-बाहेरून पाहतो. जुन्या अट्ठकथांमध्ये, म्हणजे सुत्तांवरच्या टीकांमध्ये, 'बाहेरून'चा अर्थ दुसऱ्यांचा असा घेतात, दुसऱ्याचं शरीर, दुसऱ्याची वेदना, दुसऱ्याचं मन. म्हणजे समोरच्याचा श्वास भरून आलाय, आवाज बदललाय, तो खुर्चीच्या टोकावर बसलाय हे दिसणंसुद्धा सतिपट्ठानच. अॅपमध्ये यातला पहिला तुकडाच येतो: माझा श्वास, माझा मूड, माझी झोप, माझी स्ट्रीक आणि शेवटी स्क्रीनवर माझं अभिनंदन. अॅप वाईट नाहीये, पण ते चालवणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणजे तू, तुझी मैत्रीण नाही. २०२१ मध्ये एका मानसशास्त्राच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात छोट्या माइंडफुलनेस सरावानंतर लोक दुसऱ्यांच्या मदतीला किती तयार होतात ते पाहिलं. जे स्वतःकडे माणसांच्या गोतावळ्यातला एक म्हणून बघतात त्यांची तयारी वाढली, आणि जे स्वतःला स्वतंत्र, सुटं समजतात त्यांची चक्क कमी झाली. मला यात आश्चर्य नाही वाटलं. लक्ष धारदार होतं, पण ते कुठे लावायचं हे लक्ष स्वतः ठरवत नाही. म्हणून तर परंपरेत सतीसोबत, म्हणजे सजगतेसोबत, शील, मैत्री, करुणा सगळं एकत्र दिलंय, आपणच सोयीचा भाग काढून घेतला.

आता तुझे दोन निश्चय. स्वतःचं काही बोलायचं नाही, हा तर आजच मोडून टाक, कारण तो पाळायचा तर दिवसभर स्वतःवर पहारा ठेवावा लागेल आणि पहारा म्हणजे परत स्वतःकडेच बघणं, शिवाय ज्याला सगळं सांगावं पण जो स्वतः कधीच काही सांगत नाही अशा माणसाचाही एक ताण असतो. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनचा अनुभव तिला उद्या उपयोगी पडेलही, ती विचारेल तेव्हा. आणि कुणाला नाही म्हणायचं नाही, हा तर त्याहून वाईट. 'स्वतःला विसर' हा सल्ला बायकांना इतक्या पिढ्या इतक्या लोकांनी आपल्या सोयीसाठी दिलाय की तो बुद्धांच्या नावावर खपवलेला मला चालणार नाही. त्यांनी तसं सांगितलेलंही नाही.

त्यांनी काय सांगितलं त्यासाठी मल्लिकेची गोष्ट बघ. कोसलचा राजा प्रसेनजित आणि राणी मल्लिका महालाच्या गच्चीवर होते आणि राजाने विचारलं, मल्लिके, तुला स्वतःपेक्षा जास्त प्रिय असं कुणी आहे का? राजाला कुठलं उत्तर हवं असेल ते कुणीही सांगेल. मल्लिका म्हणाली, नाही महाराज, मला माझ्यापेक्षा प्रिय कुणी नाही, आणि तुम्हाला? राजा पण प्रामाणिक निघाला, म्हणाला मलाही नाही. मग तो जाऊन बुद्धांना हे सांगतो. मला पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं की आता तिला बोलणी बसणार. तसं काहीच नाही. बुद्ध म्हणतात, मनाने सगळ्या दिशा फिरून आलं तरी स्वतःपेक्षा प्रिय कुणी सापडत नाही, आणि बाकीच्या प्रत्येकालाही आपापला जीव असाच प्रिय आहे, म्हणून ज्याला स्वतःचं हित हवंय त्याने दुसऱ्याला इजा करू नये. बघ ना, कुठेही 'स्वतःवर प्रेम करू नकोस' नाहीये. तुला तू जितकी लाडकी आहेस तितकीच तिला ती आहे, लिफ्टमध्ये रोज दिसणाऱ्या त्या माणसाला तो आहे. हे पटायला स्वतःचा जीव प्रिय असल्याचं आधी कबूल करावं लागतं. स्वतःचा तिरस्कार करणाऱ्याला ही पायरीच चढता येत नाही.

मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचा सराव, यावरच उभी आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात तिचा क्रम नीट लिहून ठेवलाय, आधी स्वतः, मग आदर वाटतो अशी व्यक्ती, मग जिवलग, मग तटस्थ आणि शेवटी जिच्याशी वैर आहे ती. स्वतःपासून सुरुवात अशासाठी की 'मला जसं सुख हवंय तसंच याला' हे साक्षीदार म्हणून वापरता यावं. सगळे जण चौथ्या पायरीबद्दल बोलायला कंटाळतात कारण त्यात नाट्य नाही, पण तुझ्यासाठी मी तीच सांगेन. तटस्थ व्यक्ती म्हणजे तुझ्या गोष्टीत जिचा काहीच रोल नाही अशी. ती तुझं कौतुक करत नाही, तुला दुखवत नाही, तुझ्याबद्दल तिचं काही मतच नाही. अशा एखाद्या माणसाला निवड आणि त्या वीस मिनिटांतली पाच मिनिटं दे: याला सुख मिळो, याचं दुखणं कमी होवो, याची भीती जावो. सुरुवातीला अगदी कोरडं वाटेल. वाटू दे. काही आठवड्यांनी तो माणूस थकलेला दिसला तर तुला ते दिसेल, आणि मला वाटतं अॅपच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे. बाकी स्ट्रीक तुटली तर तुटू दे बाई.

शांतिदेव तुला कुणीतरी वाचायला सांगेलच, म्हणून आधीच बोलते. आठव्या शतकातला नालंदेचा हा भिक्खू लिहितो की जगात जे दुःखी आहेत ते सगळे स्वतःच्या सुखाच्या इच्छेने दुःखी आहेत आणि जे सुखी आहेत ते दुसऱ्याच्या सुखाच्या इच्छेने. जबरदस्त आहे, पण आत्ता तुझ्या मनःस्थितीत याचा तू दंडुका करशील. त्याचा एक सराव मात्र घे: तो दुसऱ्याच्या जागी बसून तिथून स्वतःकडे बघायला सांगतो. तू मैत्रिणीच्या जागी बसून एक पान लिही, पण स्वतःबद्दल नको, तिच्या त्या दिवसाबद्दल. सकाळी काय झालं असेल, फोन करायच्या आधी ती कुठे उभी असेल, कुणाकुणाला कळवून झालं असेल, तुला का केला असेल. जिथे तुला माहितीच नाही असं लक्षात येईल तिथे थांब, ते तिला विचारायचे प्रश्न आहेत.

हो, तिला फोन कर, आणि आजच. 'मी किती वाईट मैत्रीण आहे' असं म्हणू नकोस, कारण मग तिला 'नाही गं, तसं काही नाही' म्हणत तुझी समजूत काढावी लागेल, आणि तिचे वडील आजारी आहेत. 'त्या दिवशी तू बाबांचं सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही, सॉरी. कसे आहेत ते?' बस. तिने नीट बोललं नाही तरी चालेल, तुटक बोलायचा तिला हक्क आहे. नंतर काहीतरी हाताने करायचं काम माग, रिपोर्ट आणणं, रात्री थांबणं, तिला चार तास झोपायला मिळेल अशी सोय करणं. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे, एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत, का तर तो कुणाच्या काही कामाचा नाही. बुद्ध आपल्या शिष्याला, आनंदला, पाणी आणायला सांगतात, स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवतात. नंतर भिक्खूंना सांगतात, इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार, ज्याला माझी सेवा करायचीये त्याने आजाऱ्याची करावी. या सगळ्या प्रसंगात 'मला किती करुणा वाटतेय' याबद्दल कुणीच एक अक्षर बोलत नाही.

एक सावध करते, तिच्यासोबत हॉस्पिटलमध्ये बसून तू स्वतःच रडायला लागलीस आणि कोसळलीस तर ती करुणा नाही. विसुद्धिमग्गात शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटलंय, जवळचा कारण तो तिच्यासारखाच दिसतो. शोकात परत 'मला किती त्रास होतोय' येतं आणि मग तुलाही कुणीतरी सांभाळावं लागतं. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, पण पाय जमिनीला टेकलेले आहेत हे जाणवू दे आणि पुढचं काम कर.

राहिलं शिबिर. जा, पण आत्ता नको. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात फोन जमा करावा लागतो आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन असतं, म्हणजे बरोबरच्या कुणाशी बोलायचं नाही, तिच्या वडिलांचं काय ते स्पष्ट होईपर्यंत तुझा फोन लागायला हवा. नंतर गेलीस तर पहिले तीन दिवस आनापान (श्वासाकडे लक्ष देणं), चौथ्या दिवशी विपश्यना (अंगातल्या संवेदना बघणं), आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री (सगळ्यांचं भलं चिंतणं) शिकवतात. तोपर्यंत सगळ्यांना घरी जायचे वेध लागलेले असतात म्हणून ती बऱ्याच जणांकडून राहून जाते, तू ती घरी आल्यावर रोज ठेव. आणि फॉर्ममध्ये तब्येतीचे, मनाच्या आजारांचे, गोळ्यांचे प्रश्न असतात ते नीट भर. तू लिहिलंयस की महिनाभर काही सुचत नाहीये, त्यात झोप आणि भूकही गेली असेल तर शिबिराच्या आधी डॉक्टरला किंवा थेरपिस्टला भेट आणि शिबिराचं त्यांच्या कानावर घालून मगच तारीख धर.

– ताई